टपालाच्या खिडकीतला चावडीचा कट्टा

नमस्कार. फोनच्या वायरीवरून इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमचा किरकिराट ज्यांनी कानांनी ऐकलाय त्यांनी हात वर करा बरं. अरे वा, निम्मं सभागृह! मग मला फार काही समजावून सांगायला नको. ईमेलसाठी तुम्ही आउटलुक एक्स्प्रेस किंवा नेटस्केप उघडलेलं असणार. डाव्या हाताला फोल्डरांची यादी. त्यात इनबॉक्स, आउटबॉक्स आणि त्यांच्याच खाली न्यूज सर्व्हरचं नाव. आज मला बोलायचंय ते या शेजाराबद्दल, म्हणजे यूजनेटबद्दल. विषयवार ग्रुपांमध्ये कुणीही निरोप टाकावा आणि कुणीही वाचावा, अशी ही जगभरची चावडी.

पण आधी १९९९ची एक रात्र सांगतो. त्या वेळी इंटरनेट तासांच्या हिशेबानं विकत घ्यावं लागे आणि फोनचं बिल वेगळं. मी प्रोग्रॅमिंगची सी भाषा शिकत होतो. पॉइंटरपाशी, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांपाशी, गाडी अडली होती. साडेदहाला घरातले सगळे झोपले की फोनची वायर काढून मोडेमला लावायची, कॉम्प. लँग. सी हा त्या भाषेचा ग्रुप उघडायचा आणि नुसती शीर्षकं उतरवून घ्यायची. एका वेळी तीनशे, ही ठरलेली संख्या. लगेच लाइन तोडायची. मग निवांत बसून शीर्षकं वाचायची. जे निरोप हवेत त्यांच्यावर ‘नंतर उतरव’ अशी खूण करायची, की शेजारी खाली तोंड केलेला छोटा बाण उमटे. पुन्हा लाइन जोडायची, खुणा केलेले निरोप ओढून घ्यायचे, पुन्हा तोडायची. उत्तर लिहायचं तेही लाइन तोडूनच. ते आउटबॉक्समध्ये पडून राही, आईला लिहिलेल्या पत्राच्या शेजारी. सकाळी चहा घेताना मी ते पुन्हा वाचत असे आणि निम्म्या वेळा खोडून नव्यानं लिहीत असे. रागाच्या भरात लिहिलेली तीन उत्तरं मी अशीच पुसली. ती गेली नाहीत याचं मला आजही समाधान आहे.

मराठीचाही ग्रुप होता बरं का, सॉक. कल्चर. इंडियन. मराठी. रोमन लिपीत लिहायचो, ‘ळ’साठी प्रत्येकाची वेगळी रीत. पण परदेशातल्या माणसांशी पुरणपोळीवरून तावातावानं वाद घालता यायचा!

आणि एके दिवशी सर्व्हरच लागेना. ज्यांच्याकडून कनेक्शन घेतलं होतं त्यांना फोन केला. उत्तर मिळालं, ‘ती सोय बंद केली.’ आधी एका ओळीची सूचना नाही. पैसे भरणाऱ्या माणसाला एवढं तरी कळवायला हवं होतं. माझ्या डिस्कवर जतन केलेलं तेवढं शिल्लक राहिलं. नावाच्या शेवटी एनडब्ल्यूएस असलेल्या त्या फाइली आजही नोटपॅडमध्ये उघडतात.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर मुद्दा भराभर सांगतो.

यूजनेटची कल्पना १९७९ची, ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांची, टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस. एनएनटीपीचे, म्हणजे हे निरोप सर्व्हरवरून कसे न्यायचे-आणायचे याचे, नियम १९८६ साली लिहिले गेले. नियम सगळ्यांसाठी खुले, म्हणून कुणीही वाचायचा प्रोग्रॅम लिहावा. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक असतो आणि उत्तरात आधीच्या निरोपांचे क्रमांक येतात. त्यावरून संवादाचं झाड तुमच्याच यंत्रावर उभं राहतं. कुठलं आधी दाखवायचं, कुणाला गप्प करायचं, हे तुम्ही ठरवता. आणि पत्रं जिथे लिहायची तिथेच हे सगळं असल्यामुळे अनोळखी माणसालाही आपण पत्रासारखं लिहायचो, मायना, मुद्दा, सही. ही सोय बहुतेक ईमेलच्या प्रोग्रॅममधून काढली तेव्हा माझ्या मते फार मोठी चूक झाली.

गूगल ग्रुप्स या वेबसाइटनं २२ फेब्रुवारी २०२४पासून यूजनेटचे नवे निरोप घेणं थांबवलं. पण थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये न्यूजचं खातं अजून उघडता येतं, आणि इटर्नल सप्टेंबर हा सर्व्हर मोफत नोंदणी देतो. पोर्ट, म्हणजे सर्व्हरला जोडायचा क्रमांक, तोच जुना, ११९. माझा लॅपटॉप इथेच आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी पुढे या, कॉम्प. लँग. सी उघडूनच ठेवलाय.