माती उकरायला कोण कोण?

(पहाट. तालमीत एकच ट्यूबलाईट. फावड्याचा आवाज.)

कुस्तीला अजून वेळ आहे. बेळगाव तालुक्यातल्या या तालमीत सकाळ सुरू होते माती उकरण्यानं. रात्रीतून आखाडा दबतो. तो फावड्यानं खोल उकरायचा, खडे वेचायचे, मग एकाला लाकडी फळीवर बसवून दोघांनी ती दोरानं ओढत माती सारखी करायची. फळीवर कोण बसणार, यावरून रोज भांडण. बसतो सहावीतला, ओढतात आठवीतले. घाम इथंच फुटतो.

(वस्तादांच्या मुठीतली माती, जवळून.)

लाल माती चाळून घेतलेली. त्यात हळद, कापूर, लिंबाचा रस, ताक, तेल. कोरडी पडली तर अंग सोलवटतं, ओली झाली तर पायाला चिकटते. ताक किती, तेल किती, याचं माप कुठं लिहिलेलं नाही. वस्ताद मूठ दाबतात, उघडतात, बघतात. आजचं ताक कुणाच्या घरचं, ते पाळीनं ठरतं, त्यामुळं ज्या घरात पैलवान नाही तेही घर तालमीत गुंतलेलं.

(जोर, बैठका, दोर.)

नव्या पोराला आधी डाव नाही, पडायला शिकवतात. "पड की बाबा, पण मान सांभाळ."

यातले सगळे पैलवान होणार नाहीत, हे वस्तादांना पक्कं ठाऊक आहे. बेळगावात लष्कराच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रात मुलांची स्पोर्ट्स कंपनी, म्हणजे खेळाडू मुलांची तुकडी आहे, तिथं कुस्ती शिकवतात. आईबापाचा एक डोळा तिकडं असणारच. पण निवड मोजक्यांची. उरलेल्यांनी काय करायचं?

(शाळेची व्हॅन. मोबाईलवर वाकलेल्या माना.)

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळावं, पळावं. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हलतच नाहीत. मुलींत हेच प्रमाण ८५ टक्के. पुढं वजन, साखर, हाडं. डॉक्टर सांगतातच.

(दुपार. शाळेचं मैदान. चुन्याची रेघ.)

खो-खोला साहित्य काय लागतं? दोन खांब, चुना आणि पाय. संघ बाराचा, त्यातले नऊ मैदानात, बाकी वर्ग कडेला बसून टाळ्या वाजवणार. पुष्कळ शाळांत पीटीचा तास असाच सरतो, तोही गणिताच्या सरांनी मागून नेला नसेल तर. या शाळेच्या पीटी सरांनी तालुक्याला जाणारा संघ थोडा बाजूला ठेवला. अख्खा वर्ग गटांत वाटला, दमला तो बाहेर, ताजा तो आत. जाड म्हणून चिडवलेला मुलगा बघा, खांबापाशी वळताना. कॅमेऱ्याला तो आवडला, आम्हालाही.

(मुलींचा पाठलाग. सूर. गडी बाद.)

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक भारताकडं आले. पोरीला मैदानावर पाठवा म्हणून घरोघरी सांगताना सरांना त्याचा उपयोग झाला. तालमीच्या दारात मात्र मुली अजून येत नाहीत. आणि मोठ्या वर्गातल्या मुली खेळ सोडतात, त्याचं एक कारण साधं आहे: कपडे बदलायला खोली नाही.

(लेझीम. धूळ.)

ज्यांना पळणं नको, कुस्ती नको, त्यांच्यासाठी लेझीम. बेळगावात शिवजयंतीची मिरवणूक रात्रभर चालते. त्या पथकात उभं राहायचं तर आधी घाम गाळावा लागतो, आणि शिकवणारे गावातलेच दादा, काका.

(गेट. कुलूप.)

सुट्टीच्या दिवशी मैदानाला कुलूप. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या बैठकीत पालकांनी किल्ली मागितली आहे. काच फुटली तर भरपाई कुणी द्यायची, एवढ्यावर गाडं अडलं आहे. तरुण मंडळानं जबाबदारी घ्यायची तयारी दाखवली आहे. पुढच्या बैठकीत त्यांनी ते लेखी द्यायचं आहे.