साडेअकरा ते अडीच

कॅलिफोर्नियातील सनीवेल शहरात, एल कॅमिनो रिआल या लांबच लांब रस्त्यालगत, एक लॉन्ड्री आणि एक केशकर्तनालय यांच्या मध्ये हे थाई रेस्टॉरंट आहे. दारावर दुपारच्या बुफेची वेळ लिहिलेली आहे : साडेअकरा ते अडीच. १९९६ साली आम्ही मुंबईहून या गावात आलो, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांच्या ऑफिसातील जेवणाची वेळ साधून आई मला येथे घेऊन येत असे. आज बऱ्याच वर्षांनी आम्ही तिघे, या वेळी कॅमेरा सोबत घेऊन, पुन्हा त्याच दारातून आत जात आहोत.

काचेखाली ओळीने मांडलेले हे स्टीलचे ट्रे पाहा. प्रत्येकाच्या खाली गरम पाणी असते आणि बुफेत काय चांगले लागणार, हे बरेचसे त्या पाण्यावरच ठरते. नारळाच्या दुधातील करी वाफेवर दोन तास राहिली तरी बिघडत नाही, उलट बटाट्यात रस मुरतो. तांदळाच्या शेवया मात्र थोड्याच वेळात एकमेकींना चिकटतात आणि तळलेले रोल मऊ पडतात. म्हणून मुरलेले गिऱ्हाईक ताट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे लक्ष ठेवते आणि नवा ट्रे बाहेर येताच पुढे सरकते. ही विद्या मी सातव्या वर्षीच आत्मसात केली होती.

माझा जीव मात्र पिवळ्या करीवर होता. तिच्यात हळद, धने, जिरे आणि बटाटा असल्यामुळे आईलाही ती परकी वाटत नसे. नारळाचे दूध घातलेली बटाट्याची रस्साभाजी, असेच तिने त्या करीचे वर्णन मुंबईला पाठवलेल्या पत्रात केले होते. घरी चहात पडणारा गवती चहा येथे सूपमध्ये पाहून तिला नवल वाटले. थायलंडमध्ये 'क्रापाव' म्हणून जी पाने मांसाबरोबर परततात ती आपल्या वृंदावनातील तुळसच असते, हे तिला पुष्कळ नंतर कळले, आणि त्या विषयावर ती अजूनही बोलत नाही.

अमेरिकेत हे पदार्थ सहजासहजी रुजले नाहीत. १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांसाठी स्थलांतराची दारे उघडली, तरी गवती चहा, आल्यासारखे दिसणारे कुलिंजन, सुवासिक मखरूट लिंबाची पाने मिळणार कोठून, हा प्रश्न होताच. १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये 'बँकॉक मार्केट' हे किराणा दुकान सुरू झाले आणि स्वयंपाक्यांची ती अडचण बरीच हलकी झाली. पुढे १९९९ मध्ये त्याच शहरातील एका भागाला 'थाई टाउन' हे अधिकृत नाव मिळाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तर खुद्द थायलंडच्या सरकारनेच परदेशांत थाई रेस्टॉरंटे वाढवण्याची मोहीम हाती घेतली. आमचे हे छोटे रेस्टॉरंट त्या मोहिमेच्या आधीचे, म्हणजे कोणाच्याही धोरणाशिवाय चाललेले आहे. करोनामुळे १७ मार्च २०२० रोजी सांता क्लारा काउंटीत, म्हणजे सनीवेल ज्या जिल्ह्यात येते तेथे, घरीच राहण्याचा आदेश लागू झाला, तेव्हा हे ट्रेही रिकामे झाले. नंतर अनेक ठिकाणी बुफे परतलाच नाही. येथे तो परतला, म्हणून हे चित्रीकरण शक्य झाले.

आता त्या करीविषयी. थाई करीच्या वाटणात बहुधा 'कापी' असते. कापी म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या बारीक कोलंबीचा गोळा, आणि ही कोलंबी आपल्या कोकणातील जवळ्याच्याच जातीची असते. आई जन्माची शाकाहारी आहे, तर बाबा मालवणचे. ट्रेमधून चिकन वगळून फक्त बटाटा आणि रस घेतला की आपले काम झाले, अशी त्या काळी आईची समजूत होती. जवळ्याचा वास मालवणच्या माणसाला चुकणे शक्य नाही, पण बाबांनी त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. काल गाडीत, येथे येण्याचा बेत पक्का झाल्यावर, त्यांनी ते कबूल केले.

आईने आल्या आल्या गल्ल्यावरच्या मालकीणबाईंना सरळच विचारले. त्यांनीही काही लपवले नाही. पूर्वी सर्व करींना एकच वाटण वापरले जाई. शाकाहारी गिऱ्हाइके वाढल्यावर त्यांनी टोफूच्या करीसाठी कोलंबीविरहित वाटण आणायला सुरुवात केली आणि माशाच्या सॉसऐवजी त्या सोया सॉस घालू लागल्या. त्या ट्रेवर आता हिरवी चिठ्ठी असते. आईने मनातल्या मनात कसला तरी हिशेब केला, बहुधा गुरुवारांचा, आणि हिरव्या चिठ्ठीच्या ट्रेमधून दोन डाव करी भातावर घेतली.

पहिला घास खाऊन ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "चांगली आहे, पण ही ती चव नाही."

बाबा समोर बसून चिकनची पिवळी करी खात होते. ते याही वेळी काही बोलले नाहीत.