एकाच बाजूचा टॉन्सिल: कधी थांबायचं, कधी दाखवायचं

(हातात मोबाईल, टॉर्च चालू)

नमस्कार मंडळी. आरशासमोर उभे राहा, मोबाईलची टॉर्च लावा आणि मोठा आ करा. मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही अंगांना, जरा मागे, दोन गोळे दिसतात ते टॉन्सिल. दोन्ही सारखे आहेत?

नसतील तर लगेच घाबरू नका, माझेही नाहीत. एक खाचेत खोल बसलेला असतो, दुसरा पुढे आलेला, म्हणून मोठा वाटतो. नुसताच आकारातला फरक आणि दुसरा काहीच त्रास नाही, अशा माणसांत कॅन्सर क्वचितच निघतो. तरी एकदा दाखवून घ्या. पोरांचे सर्दी-तापात दोन्ही सुजतात, तो आजचा विषय नाही.

आजचा विषय आहे एकच बाजू. समजा, पन्नाशीचा माणूस. ताप नाही, सर्दी नाही, पण उजवीकडेच घास टोचतोय. पुण्यात कारणांना काय तोटा? हवा बदलली, रस्त्याची धूळ, विसर्जनाला घसा फोडून ओरडलो. मग मेडिकलमधून गोळ्या, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. चार दिवस बरं, पुन्हा तेच. तीन आठवडे झाले आणि दुखणं ती बाजू सोडत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स स्वतःच्या मनाने करायचा नाही.

एका रात्रीत एक बाजू फुगली, ताप चढला, तोंड उघडेना, तर बहुधा आत पू झालेला असतो. तिथे तीन आठवडे नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आता कान. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथेच फसगत होते. दुखणं घशात आणि कळ कानात! टॉन्सिल आणि मधला कान, दोन्हीकडून एकाच नसेच्या फांद्या मेंदूकडे जातात, त्यामुळे मेंदूला पत्ता नीट कळत नाही. घरी कानात कोमट तेल घालतात. डॉक्टर कान बघतात, तर कान स्वच्छ. मोठ्या माणसाचा कान दुखतोय आणि कानात काहीच नाही, तर त्याच बाजूचा घसा बघायलाच हवा.

दुसरी फसगत मानेत. दाढी करताना जबड्याच्या कोनाखाली हाताला गाठ लागते. दुखत नाही, म्हणून माणूस निवांत. कुणी अवधाण समजून लेप लावतं. खरं तर न दुखणारी, टणक, न जाणारी गाठच जास्त संशयाची. कधीकधी टॉन्सिलमधला कॅन्सर इतका छोटा असतो की घसा ठीक दिसतो आणि पहिली खूण मानेतच उमटते.

थुंकीत रक्त, टॉन्सिलवर न भरणारी जखम, घास तोंडात धरून बोलल्यासारखा आवाज, कारण नसताना उतरलेलं वजन, यातलं काही सोबत असेल तर तीन आठवडेही मोजू नका.

टॉन्सिलच्या कॅन्सरची कारणं? आपल्याकडे तंबाखू आधी, मग दारू; दोन्ही एकत्र असतील तर धोका आणखी वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे कागदावर. आणि मशेरी! 'मी तंबाखू खात नाही हो' म्हणणारी आजी सकाळी तेच भाजून दातांना लावते. डॉक्टरांनी विचारलं तर मशेरी लपवू नका.

पण कधीच व्यसन न केलेल्यालाही हा कॅन्सर होतो. एचपीव्ही नावाचा विषाणू, विशेषतः त्याचा १६ नंबरचा प्रकार, टॉन्सिलमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतो. अमेरिकेत घशाच्या या भागातले बहुतेक कॅन्सर त्याच्याशी जोडलेले आहेत. आपल्याकडे ते प्रमाण कमी. हा प्रकार उपचारांना सहसा चांगला प्रतिसाद देतो. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी माहीत आहे ना? १६ नंबर तिच्यातही आहे आणि ती मुलांनाही देता येते.

डॉक्टर काय करतील? बोटाने टॉन्सिल चाचपतील, नाकातून बारीक दुर्बीण घालतील, मानेच्या गाठीत सुई घालून तपासतील, गरज पडली तर टॉन्सिलचा तुकडा काढतील. 'सुई लागली की पसरतो' हे आपल्याकडे पारावरही ऐकू येतं आणि सोसायटीच्या ग्रुपवरही. या भीतीने बायोप्सी टाळू नका. तुकडा तपासल्याशिवाय तो कॅन्सर आहे की नाही, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. खाजगीत परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची कान-नाक-घशाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, रांग असते. आणि दुखणं कधी, कुठल्या बाजूला सुरू झालं ते चिठ्ठीवर लिहून न्या, आत गेल्यावर हमखास विसरतं.