सरकीचं तेल आणि न हललेला पाळणा

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय घरात कुजबुजत बोलला जातो. औषधांनी पुरुषाचे शुक्राणू मंदावतात का? मंदावतात. पण आधी सरकीची गोष्ट. सरकी म्हणजे कापसाचं बी, हे विदर्भ-खानदेशातल्या श्रोत्यांना सांगायला नको, गोठ्यात पेंड आहेच.

चीनच्या जिआंग्सू प्रांतातलं एक खेडं. कित्येक वर्षं गावात पाळणाच हलेना. कारण निघालं स्वयंपाकघरातून! सरकी न भाजता, न वाफवता, कच्चीच घाण्यात घालून काढलेलं तेल रोजच्या जेवणात होतं. त्यात गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य. (आपल्याकडे ‘कच्च्या घाणीचं’ म्हटलं की डोळे मिटून अमृत समजतात, त्यांनी जरा ऐकावं. बाजारातल्या रिफाइंड सरकी तेलातून मात्र हे द्रव्य काढलेलं असतं, घाबरू नका.)

1957 मध्ये तिथल्या एका संशोधकानं सुचवलं, हे तर पुरुषांचं गर्भनिरोधक! 1970च्या दशकात चाचण्या झाल्या. आठ हजारांहून जास्त पुरुष, रोज 20 मिलिग्रॅमची गोळी. आधी काय झालं? शुक्राणू पोहायचे थांबले. संख्या नंतर घसरली. पुन्हा सांगतो, आधी पोहणं थांबलं, संख्या मागाहून. शेपटीला ताकद पुरवणारी यंत्रणाच गॉसिपॉलनं बंद पाडली होती. गोळी छानच म्हणायची, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं, हातपाय लुळे पडले. काहींचे शुक्राणू गोळी सोडल्यावरही परतले नाहीत. बेत बारगळला.

आणि त्या गावात दोष आधी कुणाला दिला असेल? सुनांनाच. आपल्याकडेही तपासणी आधी तिचीच होते. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी शेवटी, तीही मिनतवाऱ्या करून.

आता आपल्या घरातलं. आतड्याच्या सुजेवरची सल्फासलाझीन ही गोळी शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटवते. बदलली की बहुधा दोन-तीन महिन्यांत सुधारणा होते, कारण नवा शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात. तिला पर्यायी गोळ्या आहेत. मात्र आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. जिममध्ये दंड फुगवायला घेतात त्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी तर शुक्राणू बनणंच थांबू शकतं. बाळासाठी तपासायला गेलात, तर घेत असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी खिशात ठेवा, आणि त्या इंजेक्शनांचंही नाव तीत लिहा.