पंपावरचा आकडा, नळावरचा आकडा

सोलापूरकराला विचारा, "तुमच्याकडे पाणी कधी येतं?" तो आधी वार सांगेल, वेळ नंतर. किती दिवसांआड येतं, हे इथं लहान पोरालाही तोंडपाठ असतं. महापालिकेचं काम आकड्यांनी सुधारतं का, याची परीक्षा मला म्हणूनच पाण्यात घ्यावीशी वाटते.

आपलं पाणी उजनीहून जलवाहिनीनं येतं, टाकळीहून भीमेचं येतं, थोडं हिप्परग्याच्या तलावाचं. किती उपसलं त्याला लोकसंख्येनं भागलं, की माणशी लिटर निघतात. हिशेब बरोबरच असतो, पण तो पंपावरचा. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पाणी ठरल्या वेळी आलं नाही, की विड्या बाजूला ठेवून ती नळाशी बसते. तिचे ते तास सरासरीत कुठंच उतरत नाहीत.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं 2008 मध्ये पाणी, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं या चार सेवांसाठी 28 निर्देशक ठरवले. पाण्याची उद्दिष्टं अशी: माणशी रोज 135 लिटर, चोवीस तास पुरवठा, हिशेबाबाहेरचं, म्हणजे गळून गेलेलं किंवा बिलात न आलेलं पाणी 20 टक्क्यांवर जाऊ नये. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. प्रत्येक आकड्यापुढं तो कितपत विश्वासाचा, याचीही श्रेणी द्यायची. मीटरनं मोजलेलं वेगळं, अंदाजानं भरलेलं वेगळं. "हा आमचा अंदाज आहे" असं सरकारी कागदावर लिहायला धाडस लागतं, आणि सुधारणा तिथूनच सुरू होते असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये महापौर मार्टिन ओमॅली यांनी 2000 साली 'सिटिस्टॅट' सुरू केलं. खातेप्रमुखांनी ठरावीक दिवसांनी आपले आकडे घेऊन समोर यायचं, मागच्या बैठकीत कबूल केलेलं झालं का ते सांगायचं. रस्त्यावरचा खड्डा 48 तासांत बुजवू, असा शब्द शहराला दिला गेला. संगणक लागलाच, पण खरा जोर त्या न चुकणाऱ्या बैठकीचा होता.

एका नगरपालिकेची तक्रारवही मी मागं वाचली होती. पानोपानी 'निकाली'. त्यातल्या एका पत्त्यावर गेलो, तर गटार तसंच तुंबलेलं. घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब येऊन बघून गेले की." पाहणी झाली म्हणून तक्रार निकाली! वहीत रकानाच तेवढा होता. गटार कधी वाहतं झालं, हे लिहायला जागा नव्हती.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. एकच झोन घ्या. चावीवाल्यानं व्हॉल्व्ह कधी उघडला आणि कधी बंद केला ते लिहावं. त्या लाइनीवरच्या शेवटच्या घरात पाणी कधी पोचलं, किती वेळ टिकलं, हे त्या घरातल्या बाईनं लिहावं. दोन्ही वह्या शेजारी ठेवा. फरक दिसेल, आणि तो कुठल्या गल्लीत वाढतो तेही दिसेल.

एक काळजी मात्र घ्या. उशीर लिहिला म्हणून चावीवाल्याला नोटीस काढू नका. पंपाची वीज गेलेली असते, टाकी भरलेली नसते. कारण बहुतेक वेळा त्याच्या वरचं असतं. एकदा नोटीस गेली, की पुढच्या आठवड्यापासून वहीत खरी वेळ येणार नाही. सोमवारी बैठकीत अभियंत्यांनी वही उघडावी, आणि पहिल्यांदा चावीवाल्याला बोलू द्यावं.