तीन सचिव आणि अठरा हजार आदेश

(दृश्य: पहाटेचे कुलाबा, ताजमहाल हॉटेलचा घुमट)

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला सुरू असताना राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाला एक संशयित मोबाइल क्रमांक कळला. त्यावरचे बोलणे ऐकू लागल्यावर लक्षात आले की ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय हॉटेल आणि नरिमन हाउस या तिन्ही ठिकाणचे हल्लेखोर फोनवरून सतत कोणाकडून तरी हुकूम घेत आहेत. कोठे आग लावायची, ओलिसांचे काय करायचे, हे त्यांना दूर बसलेली माणसे सांगत होती. ही ध्वनिमुद्रणे पुढे न्यायालयात पुरावा म्हणून सादर झाली. 29 ऑगस्ट 2012 रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील संवादांचा सविस्तर विचार केला आणि हा कट पाकिस्तानात शिजल्याचा निष्कर्ष काढला. ज्या शहराने त्या तीन दिवसांत 166 माणसे गमावली, त्या शहरात उभे राहून ‘सरकारने कोणाचाही फोन ऐकू नये’ असे म्हणता येत नाही, आणि आमचे तसे म्हणणेही नाही. आमचा प्रश्न आहे तो ऐकण्याचा हुकूम कोण देते, तो योग्य होता की नाही हे कोण तपासते आणि ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला ते कधी कळते का, एवढाच.

(दृश्य: जुनी तारयंत्रे, पिवळे पडलेले राजपत्र)

या हुकुमाचे मूळ 1885 च्या भारतीय तार अधिनियमात आहे. त्याच्या कलम 5(2) नुसार सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज असेल, तरच संदेश मध्येच टिपता येत असे. त्यातही देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सुव्यवस्था यांसारखे ठरावीक कारण असावे लागे. म्हणजे कायद्याने दोन दारे लावलेली होती आणि पहिले उघडल्याशिवाय दुसऱ्यापर्यंत पोहोचता येत नसे. मात्र त्या दारांवर पहारा कोणी द्यायचा, हे कितीतरी वर्षे कोणी ठरवलेच नव्हते.

राजकीय नेत्यांचे फोन ऐकले जात असल्याचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा एक अहवाल उजेडात आल्यानंतर ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 18 डिसेंबर 1996 रोजी निकाल लागला. घरात किंवा कार्यालयात बसून फोनवर बोलणे हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, हे न्यायालयाने स्पष्टपणे मान्य केले. मात्र फोन ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी असावी, ही संघटनेची मागणी मान्य झाली नाही, कारण कार्यपद्धतीचे नियम करणे हे केंद्र सरकारचे काम आहे, असे न्यायालयाचे मत पडले. तोपर्यंतची सोय म्हणून न्यायालयाने काही अटी घातल्या: आदेश गृहसचिवांनीच द्यावा, तो दोन महिन्यांनी संपावा, मुदतवाढ मिळाली तरी सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि प्रत्येक आदेश एका आढावा समितीपुढे जावा. पुढे 2007 मध्ये याच अटी तार नियमावलीत 419-अ या नियमाच्या रूपात तपशीलवार आल्या.

ही आढावा समिती कोणाची आहे, हे नीट पाहिले पाहिजे. केंद्रात कॅबिनेट सचिव अध्यक्ष असतात आणि विधी व दूरसंचार खात्यांचे सचिव सदस्य असतात. राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली आणखी दोन सचिव असतात. आदेश देणारा सचिव, तपासणारेही सचिवच. समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा बसावे, असा नियम आहे. 2018 मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने विदासंरक्षणावरील (डेटाच्या संरक्षणावरील) अहवालात नोंदवले की या हिशेबाने आढावा समितीपुढे एकेका बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश येतात. बैठक सलग आठ तास चालली असे धरले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्या वेळात कागदावरचे नावसुद्धा वाचून होत नाही. मग संशयाला आधार आहे का, माहिती दुसऱ्या मार्गाने मिळाली असती का, हे प्रश्न विचारायचे कोणी आणि केव्हा? येथे त्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, कारण अत्यंत प्रामाणिक माणसालाही दोन सेकंदांत न्याय करता येणार नाही.

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत)

कोणी खरोखर वाचले तर काय निघते, हे 22 ऑक्टोबर 2019 रोजी याच इमारतीत दिसले. बँक अधिकाऱ्याला 10 लाख रुपयांची लाच दिल्याच्या आरोपावरून मुंबईतील एका उद्योजकाचे फोन 2009 आणि 2010 मध्ये तीन आदेशांनुसार ऐकले गेले होते. आदेशांत सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण दिलेले होते. येथे सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच नव्हता, असे म्हणत उच्च न्यायालयाने ते तिन्ही आदेश रद्द केले आणि त्यांतून मिळालेली ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला होता, त्याचा भक्कम आधार या निकालाला मिळाला. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लाचखोरीच्याच प्रकरणात हीच भूमिका घेतली, तर दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मोठा आर्थिक गैरव्यवहार सार्वजनिक सुरक्षिततेशी जोडता येतो, असे म्हटले. लाचखोर सुटावा, असे कोणालाच वाटत नाही. पण प्रत्येक गुन्हा देशाच्या सुरक्षिततेचा मानला, तर कायद्याने लावलेले पहिले दार उरतच नाही.

इंटरनेटच्या बाबतीत ते दार आधीच काढून टाकलेले आहे. मुंबईवरील हल्ल्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर 2008 मध्ये, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती केली. नव्या कलम 69 मध्ये सार्वजनिक आणीबाणीची किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची पूर्वअट नाही आणि कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी संगणकातील माहिती टिपण्याची मुभा आहे. 20 डिसेंबर 2018 रोजी गृह मंत्रालयाने दहा यंत्रणांना त्यासाठी अधिकृत केले. 2023 च्या दूरसंचार कायद्याने तार कायद्याची जागा घेतली, परंतु तपासणीचे काम सचिवांच्याच हाती ठेवले.

आमच्या मते दोन बदल टाळता येण्यासारखे नाहीत. तातडीच्या प्रसंगी, 26 नोव्हेंबरसारख्या रात्री, अधिकाऱ्यांनी तत्काळ ऐकावे. मात्र काही दिवसांच्या आत तो आदेश सरकारबाहेरच्या न्यायाधीशापुढे गेला पाहिजे. तसेच तपास संपल्यावर, त्याला बाधा येणार नाही अशा वेळी, ज्याचे बोलणे ऐकले त्याला तसे कळवले गेले पाहिजे.

मुंबईच्या त्या उद्योजकाला न्यायालयात जाता आले, कारण त्याच्यावर खटला भरला गेला आणि त्यामुळे ते आदेश उजेडात आले. ज्याचे बोलणे ऐकून काहीच निष्पन्न होत नाही, त्याच्यावर खटला भरला जात नाही आणि त्याला कोणी कळवतही नाही. अशा नोंदी, पुढे लागणार नसतील, तर दर सहा महिन्यांनी नष्ट कराव्यात, असा नियम आहे. हा नियम खासगीपणाच्या रक्षणासाठीच केलेला आहे. त्या नोंदींबरोबर, आपले बोलणे कधी ऐकले गेले होते याचा त्या माणसाकडे येऊ शकणारा एकमेव पुरावाही नष्ट होतो.