दादा कोंडक्यांची लेखणी

मंडळी, विषय आहे ‘निर्माता आणि गीतकार एकच असतो तेव्हा’. त्याकडे येतोच, पण आधी एक गोष्ट सांगू द्या, कारण ती गेलं वर्षभर माझ्या मनात खदखदतेय.

गेल्या हनुमान जयंतीला भक्तिगीतांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. पत्रिकेत ‘अंजनीच्या सुता’ होतं आणि पुढे छापलं होतं, ‘गीत : पारंपरिक’. मध्यंतरात मी निवेदकाला गाठलं. म्हटलं, अहो, हे दादा कोंडक्यांनी लिहिलंय, ‘तुमचं आमचं जमलं’साठी, १९७६ साली. महेंद्र कपूर गायलेत. तो म्हणाला, “दादा म्हणजे... ते दादा?” आणि त्याचा हात आपसूक कमरेशी गेला, लोंबणारी नाडी दाखवायला! (हशा) हसा, हसा. दादांनाही हेच हवं असायचं. पण मध्यंतरानंतरही त्याने दादांचं नाव घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. गावोगावच्या मारुतीच्या देवळांत पहाटे कर्ण्यावर जे गाणं लागतं, त्याच्या कवीला आपण नाडीपलीकडे ओळखतच नाही.

‘ढगाला लागली कळं’ घ्या. द्व्यर्थी म्हणून आपण ते बाजूला सारतो. पण नुसता ‘कळ’ हा शब्द बघा. कळ पोटात येते, बाळंतिणीला येते. ती ढगाला लावली की ढगाला शरीर मिळतं, आणि मग पाऊस पडत नाही, थेंब थेंब गळतो. पुस्तकी कवीला हा शब्द सापडला नसता. नायगावच्या गिरणगावात वाढलेल्या, बँडमध्ये वाजवलेल्या, सेवा दलाच्या कलापथकात घडलेल्या माणसालाच तो सापडतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे प्रयोग करकरून कुठल्या शब्दाला थिएटर उसळतं हे या माणसाच्या अंगात मुरलं होतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. आता भरभर सांगतो.

१९७१ला दादांनी स्वतः पैसा उभा करून ‘सोंगाड्या’ काढला. दादरच्या एका चित्रपटगृहाने तो लावायला नकार दिला, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक उभे राहिले आणि सिनेमा लागला. पुढे त्यांचे नऊ चित्रपट पंचवीस-पंचवीस आठवडे चालले, गिनीज बुकात नोंद झाली.

आता मूळ मुद्दा. १९७७ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्मात्याने मोबदला देऊन गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक निर्माता. गीतकार मानधन घेऊन घरी. दादांच्या घरात मात्र मानधन देणारा आणि लिहिणारा एकच! म्हणून ‘ही ओळ काढा’ म्हणणारा शेठ त्यांच्या डोक्यावर नव्हता. ‘कळ’ टिकली ती त्यामुळे, असं मला ठामपणे वाटतं. बाकीच्या गीतकारांना मानधनापलीकडे स्वामित्वधनात, म्हणजे रॉयल्टीत, बरोबरीचा वाटा, तोही सहजी लिहून घेता येणार नाही असा, कायद्याने मिळाला थेट २०१२ला. दादा तर १९९८लाच गेले.

दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. ती पत्रिका आणलीय मी. ‘पारंपरिक’ खोडून पेनाने दादांचं नाव लिहिलंय. बघायची असेल तर जाताना टेबलापाशी या.